विषुववृत्त ओलांडलं की भोवरा उलटा फिरतो?

विद्यार्थ्यांचं जहाज विषुववृत्त ओलांडतं तेव्हा कुणीतरी दाढी लावून समुद्रदेव नेपच्यून होतो, नवख्यांना खाऱ्या पाण्याने न्हाऊ घालतात. अशा फोटोंसोबत एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय: ‘त्याच क्षणी बेसिनमधला भोवरा उलटा फिरू लागतो.’

सोहळा खरा आहे, भोवऱ्याचं तसं नाही. पृथ्वीच्या फिरण्याने वारे आणि सागरी प्रवाह वळतात, त्यामुळे दावा पटण्यासारखा वाटतो. पण पृथ्वीच्या एका फेरीला जवळपास 24 तास लागतात आणि बेसिन मिनिटभरात रिकामं होतं. शिवाय ऐन विषुववृत्तावर हा परिणाम शून्यच असतो.

पडताळायला जहाज कशाला? जळगाव, धुळे, नंदुरबार सगळी साधारण 21 अंश उत्तरेला, म्हणजे दावा खरा असता तर इथे भोवरा नेहमी एकाच दिशेने फिरायला हवा. घरच्या बेसिनमध्ये पाणी भरा, चिमूटभर हळद टाका, हाताने एका दिशेने ढवळा आणि जरा थांबून बूच काढा. मग उलट ढवळून पुन्हा बघा. हळदीचे कण दोन्ही वेळा हाताच्याच दिशेने फिरतील. (नंतर बेसिन घासून घ्या, हळद बसते.)

1962 मध्ये अमेरिकेत सुमारे 6 फूट रुंदीच्या टाकीत पाणी 24 तास निवांत ठेवलं, तेव्हा कुठे पृथ्वीचा हलकासा परिणाम दिसला. बंगालच्या उपसागरातली शेकडो किलोमीटरची चक्रीवादळं मात्र घड्याळाच्या उलटच फिरतात.