कॅसल, जेम्स
(२५ सप्टेंबर १८९९–२६ ऑक्टोबर १९७७). काजळी आणि थुंकी यांच्या मिश्रणातून रेखाटने करणारा अमेरिकन स्वयंशिक्षित चित्रकार. जन्म आयडाहो राज्यातील गार्डन व्हॅली या डोंगराळ खेड्यात. तो जन्मतः कर्णबधिर होता. आईवडील घरातच टपालकचेरी आणि किराणा दुकान चालवीत. त्यामुळे पाकिटे, मालाचे कॅटलॉग, खोक्यांचे पुठ्ठे असा छापील कागद त्याच्या हाती लहानपणापासूनच पडत गेला.

१९१० च्या सुमारास त्याला गुडिंग येथील कर्णबधिर व अंधांच्या निवासी शाळेत घातले. सुमारे पाच वर्षांनी तो घरी परतला, तेव्हा त्याला वाचन, लेखन किंवा रूढ खुणांची भाषा यांपैकी काहीही येत नव्हते. पुढे तो जन्मभर कुटुंबातच राहिला आणि १९३० च्या दशकात कुटुंबाबरोबर बॉइसी शहराच्या कडेला स्थायिक झाला. तेथे कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात त्याचे काम चाले.

लाकडाच्या शेगडीतली काजळी खरवडून तो थुंकीत कालवी. टोक काढलेल्या काडीने रेघा ओढी आणि कापडाच्या बोळ्याने छटा भरी. रंग हवा असेल तेव्हा क्रेप कागद (सुरकुत्यांचा पातळ रंगीत कागद) भिजवून त्याचा रंग उतरवून घेई. हे सारे गरिबीमुळे होते, असे अनेकदा लिहिले जाते, पण ते पटण्यासारखे नाही. घरच्यांनी चांगले कागद आणि रंग आणून दिले, तरी तो आपल्या काजळीकडेच वळला. काळसर करड्या रंगाच्या ज्या मऊ छटा त्याला हव्या होत्या, त्या त्याला या काजळीतूनच मिळत.

गोठे, कुंपणे, खोल्यांचे कोपरे, दारांच्या चौकटी हे त्याचे आवडते विषय. गार्डन व्हॅलीतले घर सोडून कित्येक वर्षे लोटल्यावरही त्याने ते आठवणीतून पुन्हापुन्हा काढले. त्यातील यथादर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याची हातोटी, चकित करणारे आहे. दूर जाणारी भिंत किंवा उतरते छप्पर तो सहसा चुकत नाही. याखेरीज पुठ्ठा दोऱ्याने टाचून त्याने पक्षी, माणसे, कोट अशा वस्तू केल्या, शिवून शेकडो लहान पुस्तकेही बांधली. पुस्तकांत छायाचित्रांच्या अल्बमसारखे चौकोन, कॅलेंडरांची पाने आणि त्याने स्वतः रचलेली अक्षरे दिसतात. वाचता न येणाऱ्या या माणसाने छापील पानाची मांडणी किती बारकाईने पाहिली होती, ते या पुस्तकांतून उमगते. ‘भाषेविना जगलेला माणूस’ हे त्याचे नेहमीचे वर्णन म्हणूनच अपुरे वाटते.

काम पुरे झाले की तो चित्रांची चिंधी-दोऱ्याने बोचकी बांधून भिंतींच्या पोकळीत आणि माळ्यावर ठेवून देई. १९५० च्या दशकात पोर्टलंडमध्ये कलाशिक्षण घेणाऱ्या त्याच्या भाच्याने ही चित्रे आपल्या शिक्षकांना दाखवली आणि प्रदर्शने सुरू झाली. १९६३ मध्ये बॉइसीच्या कलादालनात त्याचे एकल प्रदर्शन भरले. मृत्यूनंतर मात्र सुमारे दोन दशके त्याचे बहुतेक काम लोकांसमोर आले नाही. २००८ मध्ये फिलाडेल्फिया कलासंग्रहालयाने सिंहावलोकन प्रदर्शन भरवले, तर २०१३ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली. त्याचे बॉइसीतील घर नगरपालिकेने विकत घेऊन दुरुस्त केले आणि २०१८ मध्ये लोकांसाठी खुले केले. त्याने एकाही कामावर शीर्षक किंवा तारीख घातली नाही. त्यामुळे कालक्रम लावताना अभ्यासक चित्रामागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर आणि पाकिटावरचा टपालशिक्का यांचा आधार घेतात. पण जुना कागद तो वर्षानुवर्षे साठवून ठेवत असल्याने, चित्र त्या तारखेआधीचे नाही एवढेच त्यातून ठरते.