संयमकाळ (वीर्यनमुन्यापूर्वीचा)

वीर्याचा नमुना देण्याआधी शेवटचे स्खलन होऊन किती वेळ गेला, तो काळ. लॅबच्या खिडकीवर याला नुसते ‘गॅप’ म्हणतात आणि उत्तर बहुधा खाली बघून दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीनुसार तपासणीसाठी हा काळ २ ते ७ दिवसांचा असावा. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतही तो तसाच आहे. मात्र हा आकडा मुख्यतः दोन अहवालांची तुलना करता यावी म्हणून ठरलेला आहे; गर्भधारणेसाठी तोच उत्तम, असा त्याचा अर्थ नाही.

शुक्राणू वृषणात साधारण ७४ दिवसांत घडतो आणि पुढे अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत) परिपक्व होऊन तिथेच साठून राहतो. त्यामुळे गॅप वाढला की वीर्याचे आकारमान आणि शुक्राणूंची एकूण संख्या वाढते. पण साठ्यातला माल जुना होत जातो. ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याने शुक्राणूंचा डीएनए तुटू लागतो, गतिमानता उतरते, मेलेल्यांचे प्रमाण वाढते. ‘जितके राखाल तितके वीर्य कसदार’ ही समजूत घरोघरी आहे. तिचा संख्येपुरता भाग खरा, कसाचा भाग खोटा.

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी धोंड (व्रत धरणारे भक्त) सोवळ्यात राहतात, तेव्हा ब्रह्मचर्यही पाळतात. व्रत सुटल्यावर लगेच नमुना द्यायचा असेल तर ते दिवस गॅपमध्ये धरावे लागतात. लॅबला सांगायचे ते इतकेच. व्रताला कोणी नावे ठेवत नाही.

उपचारात किती दिवस थांबायचे, हे शुक्राणू कशासाठी हवेत यावर ठरते. आययूआयमध्ये (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात) धुऊन घेतलेले गतिमान शुक्राणू भरपूर लागतात, पण त्यासाठी आठवडाभर थांबण्यात फायदा नाही. इक्सीमध्ये (प्रयोगशाळेत शुक्राणू सुईने बीजात सोडतात) एका बीजाला एकच शुक्राणू पुरतो. तिथे संख्येपेक्षा डीएनए शाबूत असणे मोलाचे. म्हणून डीएनए खंडन जास्त असलेल्या पुरुषाला काही डॉक्टर एक दिवसाचा किंवा त्याहून कमी गॅप सांगतात, कधी काही तासांनी दुसरा नमुनाही घेतात. दुसऱ्या नमुन्यात वीर्य कमी असले तरी शुक्राणू पुष्कळदा अधिक चपळ असतात. याने मूल होण्याचे प्रमाण निश्चित वाढते, असे अजून ठामपणे म्हणता येत नाही.

नमुना तासाभरात, शरीराच्या उबेत लॅबमध्ये पोचावा लागतो. काणकोणहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात यायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा नमुना तिथल्याच खोलीत देणे बरे. डबी लॅबचीच घ्यावी. साधा कंडोम वापरू नये, त्यातले रसायन शुक्राणूंना मारते. पहिला थेंब सांडला तर लपवू नये, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात.

गोव्यात वेगळा प्रश्न उभा राहतो तो तारवट्यांचा. नवरा सहा-आठ महिने बोटीवर, रजा मोजकी आणि बायकोची पाळी काही रजेच्या तारखा बघून येत नाही. अशा वेळी बोटीवर जाण्यापूर्वीच वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात. गोठवण्यात बरेच शुक्राणू दगावतात, म्हणून इथे मात्र संख्येकडेही बघावे लागते. त्यासाठी दोन-तीन दिवसांच्या गॅपने एकाहून अधिक नमुने घेतात. रजेचे वेळापत्रक डॉक्टरांना आधी दाखवले तर हे जमते; बोट गाठायच्या आदल्या दिवशी आल्यास एकाच नमुन्यावर भागवावे लागते.