कंपनीत लागणं आणि कंपनीत कामाला जाणं

‘पोराचं काम झालं, अमुक कंपनीत लागला’ म्हणत कोणी पेढा हातावर ठेवला की आपण अभिनंदन करतो आणि पगाराचा आकडा आडून आडून काढून घेतो. कंपनीच्या रोलवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत लागला, की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, हे मात्र कोणी विचारत नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत हा फरक पहिल्याच दिवशी कळतो, कारण ‘कंपनीचा’ आणि ‘ठेकेदाराचा’ असे दोन गट तिथे उघड असतात. हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत तो कळायला वेळ लागतो. मॅनेजर एक, मीटिंग एक, कॉफीचं मशीनही एकच. मग दिवाळीला शेजारच्या टेबलावर कंपनीची भेट येते आणि आपलं टेबल रिकामं राहतं.

ज्यांनी एखाद्या कंपनीचं नाव कॉलेजपासून मनात धरलेलं असतं, त्यांची गफलत जास्त होते. मुलाखत त्याच इमारतीत झालेली असते, तीही ज्या टीमबरोबर बसायचं तिनेच घेतलेली. ‘सिलेक्ट झालात’ एवढं ऐकलं की पुढचं पत्र नीट वाचायला धीर कुठे असतो!

तरी ते वाचावंच, आणि वरून खाली वाचावं. कंपनीच्या रोलवरच्या पत्रावर लेटरहेड कंपनीचं, सही कंपनीच्या अधिकाऱ्याची, आणि आत प्रोबेशन, नोटीस पिरियड, रजा यांची कलमं असतात. थर्ड पार्टी पेरोल म्हणजे काम कंपनीत, पण नेमणूक आणि पगार एजन्सीकडून; त्या पत्रावर लेटरहेड एजन्सीचं असतं. तुमच्या आवडत्या कंपनीचं नाव येतं ते तिसऱ्या-चौथ्या ओळीत, ‘आमचे ग्राहक’ म्हणून. त्याखाली साधारण दोन वाक्यं हमखास असतात: ग्राहकाने काम थांबवलं तर ही नेमणूक संपेल, आणि ग्राहकाकडे नोकरीचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. या दोन वाक्यांवर बोट ठेवून थांबा. बाकी पत्र किती गोड भाषेत लिहिलंय याला अर्थ नाही.

रुजू होऊन बसलाय आणि पत्र कुठल्या मेलमध्ये आहे ते आठवत नाही? पीएफचं पासबुक उघडा. तुमचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर, टाकला की वर्गणी कोणत्या आस्थापनेच्या नावाने जमा होते ते दिसतं. फॉर्म १६ वर कर कापणाऱ्याचं नाव असतं, तेही पाहा. गळ्यातल्या कार्डावर कुणाचाही लोगो असो, कागदोपत्री मालक तोच.

आता पडतो काय फरक? हातात येणारा पगार हा बहुतेकांना सगळ्यात मोठा वाटतो, पण तिथे कधीकधी काहीच फरक नसतो. आयटीत तर एजन्सीवरच्या माणसाला रोलवरच्यापेक्षा जास्त मिळाल्याचीही उदाहरणं सापडतात. खरा फरक आकड्याच्या आजूबाजूला असतो: वार्षिक वाढ कुणाच्या धोरणाने, आईवडिलांचा विमा आहे का, बोनस कुणाचा, आणि कंपनीत आतल्या आत निघणाऱ्या जागा तुम्हाला दिसतात का. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आवडत्या कंपनीत आहात, शेजारच्या टीममध्ये तुमच्याच जोगी जागा निघते, पण ती लागते ज्या पोर्टलवर त्याचं लॉगिन फक्त रोलवरच्यांना. तुम्हाला ती जागा बाहेरच्या माणसासारखी बाहेरूनच कळते.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांची. १९७२ च्या कायद्यापासून साधा नियम असा की एका मालकाकडे सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी. कंत्राटावरच्या माणसाचा मालक एजन्सी. दोन वर्षांनी कंपनीने एजन्सी बदलली, तुम्ही त्याच खुर्चीवर, त्याच मॅनेजरच्या हाताखाली, पण नव्या पत्राने वर्षं बहुधा पुन्हा एकपासून मोजायला घेतात. रोलवर घेतलं तरी रुजू तारीख नवीच पडते. पीएफ तेवढा यूएएनमुळे मागोमाग येतो.

इथे एक तिसरा पाहुणा मध्येच घुसतो, आणि त्यालाही लोक सरसकट ‘कंत्राट’ म्हणतात: ठरावीक मुदतीची नेमणूक, म्हणजे फिक्स्ड टर्म. यात पत्र कंपनीचंच असतं, फक्त संपण्याची तारीख आधीच लिहिलेली असते. मध्ये एजन्सी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे नवे कायदे, लागू झाल्या, त्यांत अशा माणसाला कायम कामगारांइतकेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी अशी तरतूद आहे. म्हणजे दोन वर्षांचं फिक्स्ड टर्म आणि दोन वर्षांचं थर्ड पार्टी समोर आलं, पगार सारखाच असला, तर मी पहिलं घेईन, फार विचार न करता. याच संहितांमुळे नेमणूकपत्र देणंही बंधनकारक झालंय, त्यामुळे ‘पत्र नंतर देऊ, आधी जॉईन व्हा’ असं म्हणणाऱ्याला तोंडावर मागता येतं.

कायद्याने कंत्राटी माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. एजन्सीने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे जिथे काम चालतं त्या कंपनीवर येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. पण ‘इतकी वर्षं इथे घाम गाळला, आता घ्या रोलवर’ हा हक्क मात्र आपोआप मिळत नाही. स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००१ साली हेच सांगितलं: सरकारने एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद केली तरी त्या कामगारांना मुख्य मालकाने आपोआप सामावून घेतलंच पाहिजे असं नाही.

हे आपल्याकडेच चालतं असा समज नको. मायक्रोसॉफ्टमध्ये कायम लोकांचं कार्ड निळं आणि तात्पुरत्यांचं नारिंगी असायचं. वर्षानुवर्षं ‘तात्पुरते’ राहिलेल्यांनी कोर्टात खेचल्यावर कंपनीने २००० साली सुमारे ९.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. गुगलमध्ये तर २०१९ च्या सुमारास तात्पुरत्या आणि कंत्राटी लोकांची संख्या कायम कर्मचाऱ्यांहून जास्त असल्याची बातमी आली होती. आपल्या राज्य सरकारनेही सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत पदं भरण्याचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला.

मग थर्ड पार्टी घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण कशासाठी ते आधी ठरवून. तुम्हाला त्या जागेतलं काम आवडतं, तिथली टीम, तिथली मशिनरी हाताखाली घालायचीय, तर वर्ष-दीड वर्षाचं कंत्राट म्हणजे मुलाखतीत कधीच न कळणारी गोष्ट पगार घेऊन कळण्याची सोय: ही कंपनी खरंच आवडते का. पण नाव आणि स्थैर्य हवं असेल, गृहकर्ज काढायचं असेल, घरात एकट्याच्या पगारावर चूल पेटत असेल, तर ‘पुढे बघू, करतील रोलवर’ या भरवशावर बसू नये. ते वाक्य बोलणारा मॅनेजर मनाने चांगला असू शकतो; जागा मंजूर करणं त्याच्या हातात नसतं.

म्हणून होकाराआधी प्रश्न विचारायचे ते आश्वासनाचे नकोत, घडलेल्या गोष्टींचे हवेत. ‘मला रोलवर घ्याल का?’ याला उत्तर ‘का नाही!’ असंच येणार. ‘या टीममधले किती जण गेल्या दोन वर्षांत एजन्सीकडून रोलवर आले?’ असं विचारा, आणि जमलं तर एचआरला नाही, टीममधल्याच कुणाला, चहाच्या टपरीवर. एजन्सीला वेगळं विचारायचं: कंपनीने मला थेट घ्यायचं ठरवलं तर तुमच्या करारात अट काय? काही करारांत ठरावीक महिन्यांआधी माणूस घेतला तर कंपनीने एजन्सीला रक्कम मोजायची असते, आणि बजेट तंग असलं की गाडी तिथेच अडते. अडचण आधी कळली तर निदान किती महिने थांबायचं याचा अंदाज येतो. एजन्सी तुमच्याकडूनच रजिस्ट्रेशनचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागत असेल तर प्रश्न विचारत बसू नका, उठा.

आणि बायोडेटा. आवडत्या कंपनीत काम केलंय तर तिचं नाव लिहायचा मोह होणारच, आणि लिहावंही, पण जागच्या जागी. मालकाच्या रकान्यात एजन्सीचं नाव, त्याखाली ‘कामाचं ठिकाण’ म्हणून कंपनीचं. पुढच्या नोकरीच्या वेळी पडताळणी करणारे कंपनीच्या एचआरला फोन करतात. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नसतं, आणि मग खरोखर केलेलं काम खोटं ठरतं. पीएफच्या नोंदीही तपासल्या जातात. संदर्भ म्हणून मात्र कंपनीतल्या मॅनेजरचंच नाव द्या, त्याला आधी विचारून. तुमचं काम त्याने पाहिलंय, एजन्सीच्या ऑफिसात बसलेल्याने नाही.