आमवात : निदानाची वेळ

आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा सांध्यांच्या दाहाचा दीर्घकालीन रोग आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) व हाड पोखरू लागते. अर्धा ते एक टक्का लोकांना तो होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन-तीन पट असते. ‘वात म्हातारपणी येतो’ ही समजूत इथे घातक ठरते, कारण अनेकींना तो ऐन तिशी-चाळिशीत गाठतो.

सुरुवात बहुधा सकाळी कळते. उठल्यावर मूठ वळत नाही, पीठ मळवत नाही, बोटातली अंगठी रुतते. हा ताठरपणा अर्धा-एक तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो आणि हालचाल सुरू झाली की सैलावतो. गुडघे झिजल्याचे दुखणे याच्या उलट असते : तिथला ताठरपणा काही मिनिटांत जातो, पण चालून-चालून कळ वाढते. आमवातात सूज सहसा दोन्ही हातांच्या मनगटांवर, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर येते. टोकाची पेरे बहुधा सुटतात. हस्तांदोलन करताना हात दाबला गेला आणि कळ उठली, तर ती खूणच समजावी.

घाई एवढ्यासाठी की अनेक रुग्णांत हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा पोखरलेले हाड पुन्हा भरून येत नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सूज दिसल्यापासून सहा आठवड्यांत संधिवाततज्ज्ञाने तपासावे आणि रोग आवरणारे औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावे.

प्रत्यक्षात हे महिने वेदनाशामक गोळ्या, तेल-मालीश आणि ‘युरिक ॲसिड वाढलंय’ यांतच निघून जातात. वेदनाशामकाने ठणका कमी होतो, झीज थांबत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवणमध्ये १९९६ साली घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत सांधे-स्नायूंचे दुखणे ही सर्वांत मोठी तक्रार निघाली. एवढ्या गर्दीत आमवात सहज हरवतो. २००६ पासून त्यात चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीची भर पडली आहे.

रक्ततपासणीवर एकट्याने विसंबू नये. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो आणि नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून तो ठरत नाही. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या १९८७ च्या जुन्या निकषांत मुरलेला रोगच नीट बसे. २०१० चे गुणांकन, ज्यात दहापैकी सहा गुण लागतात, रोग कोवळा असतानाच ओळखण्यासाठी आखले गेले.

उपचारांचा कणा म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते, म्हणून पाकिटावर वार ठळक लिहून ठेवावा. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर डॉक्टर थोड्या मात्रेत स्टेरॉइड देतात. जोडीला फॉलिक ॲसिड आणि रक्त व यकृताच्या नियमित तपासण्या लागतात. गर्भारपणात हे औषध चालत नाही, त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीने ते आधीच सांगावे. तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर औषध बदलतात किंवा जोड देतात. पुढची बायोलॉजिक इंजेक्शने प्रतिकारशक्तीला आवर घालतात, म्हणून ती देण्यापूर्वी दडलेल्या क्षयाची तपासणी करावी लागते. घरात कुणाला क्षय झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.