एमपी थ्री प्लेअर आणि एमपी फोर प्लेअर : थोरला-धाकटा नाहीयेत हे दोघं

परवा मावशीचा फोन. सकाळी फिरायला जाताना हरिपाठ ऐकायला एखादा छोटा स्वस्तातला प्लेअर हवाय, मोबाईल नको, कारण मोबाईलवर मध्येच लोन हवंय का विचारणारे फोन येतात आणि तिचं डोकं फिरतं. ऑनलाइन बघताना तिला एक एमपी थ्री प्लेअर दिसला आणि त्याच्याच शेजारी थोडा महाग एमपी फोर प्लेअर. "फोरच घेते रे, तीनपेक्षा चार नवीन असणार ना?" मी म्हटलं मावशी थांब, ह्याच हिशोबाने मी २००८ साली पंधराशे रुपये पाण्यात घातलेत.

तर आधी ते आकडे. आपल्याला वाटतं की आधी थ्री आला, मग सुधारून फोर काढला, मोबाईलच्या मॉडेलसारखं. तसं अजिबात नाहीये. एमपेग म्हणजे आवाज आणि व्हिडिओ दाबून लहान कसे करायचे त्याची स्टँडर्ड ठरवणारा तज्ज्ञांचा गट, त्याला एक सोसायटी समजा. तिच्या पहिल्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे एमपेग-१ मध्ये, आवाज दाबून लहान करायच्या तीन पद्धती होत्या, त्यांना लेअर म्हणतात, म्हणजे मजलेच म्हणा. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर राहतो तो एमपी थ्री. हे स्टँडर्ड १९९३ चं, आणि फाईलच्या शेपटीला डॉट एमपी थ्री लावायचं जर्मनीतल्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटवाल्यांनी ठरवलं १९९५ मध्ये. आणि एमपी फोरमधला चार हा मजला नाही, तो बिल्डिंगचा नंबर आहे, एमपेग-४. त्या चौथ्या बिल्डिंगमधला १४ नंबरचा गाळा, पार्ट १४, म्हणजे डॉट एमपी फोर फाईल. एकाचा मजला आणि दुसऱ्याची बिल्डिंग शेजारी ठेवून कोण मोठं ते ठरवतोय आपण. (एमपेग-३ सुद्धा होणार होतं, एचडी टीव्हीसाठी, पण ते काम एमपेग-२ मध्येच भागलं म्हणून ती बिल्डिंग उभीच राहिली नाही.)

आणि दोघांचं कामही वेगळं आहे. एमपी थ्री म्हणजे आवाज पिळायची पद्धत, कानाला एरवीही ऐकू येणार नाही असा भाग काढून टाकायचा आणि उरलेलं ठेवायचं. १२८ केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी, १ जीबीत दोनशे गाणी आरामात. एमपी फोर ही पद्धतच नाही, तो डबा आहे. डब्यात व्हिडिओ असेल, ऑडिओ असेल, सबटायटल असतील. आतली भाजी कुठली ते डब्यावरून कळत नाही, आणि तुमच्या प्लेअरला ती भाजी पचते का हा अजून वेगळा प्रश्न.

आता बाजारात काय झालं ते. तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलला. रूममेटकडे साधा एमपी थ्री प्लेअर होता, १ जीबीचा, पेन ड्राइव्हसारखा दिसणारा, एक बारीक पेन्सिल सेल घालायचा की झालं. स्क्रीनवर दोन ओळी, त्यातही मराठी नावाच्या जागी चौकोन चौकोन. पण वाजायचा मात्र पठ्ठ्या, पावसात भिजला, बादलीत पडला, सेल काढून उन्हात ठेवला की परत चालू. मला त्याच्या वरचढ काहीतरी हवं होतं म्हणून बुधवार पेठेत जाऊन एमपी फोर प्लेअर घेतला, रंगीत स्क्रीन, एफएम, फोटो, व्हॉइस रेकॉर्डर, आणि डब्यावर हे मोठ्ठं 'एमपी फोर'. रूमवर येऊन कॉम्प्युटरवरची एमपी फोर फाईल टाकली. फॉरमॅट एरर. दुसरी टाकली, तेच. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "अहो दादा, सीडी दिलीये ना बरोबर, तिच्यातून कन्व्हर्ट करून टाका."

ती सीडी म्हणजे खरी गोष्ट. तिच्यातलं सॉफ्टवेअर तुमची चांगली फाईल घेऊन तिची एएमव्ही नावाची फाईल करायचं. ह्या स्वस्त प्लेअरच्या चिपमध्ये खरा एमपी फोर व्हिडिओ उलगडायची ताकदच नसायची, म्हणून हा सोपा फॉरमॅट, प्रत्येक फ्रेम म्हणजे सुट्टा जेपेग फोटो, सेकंदाला १२ नाहीतर १६. सिनेमा २४ ने चालतो, त्यामुळे नाच बघताना हिरो एका जागेवरून दुसऱ्या जागी टुणकन उगवायचा. म्हणजे एमपी फोर प्लेअरला एमपी फोर सोडून बाकी सगळं चालायचं, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. गंमत म्हणजे खरंच डॉट एमपी फोर व्हिडिओ चालवणारा आयपॉड २००५ मध्येच आलेला होता आणि त्याला कोणी एमपी फोर प्लेअर म्हणत नव्हतं. मग त्या आकड्याचा अर्थ काय? काही नाही, स्क्रीनवाला आहे एवढंच. पुढे एमपी फाईव्ह पण निघाले, असलं कुठलं स्टँडर्ड जगात नाही, तरी गाडीत बसवायच्या स्टिरिओवर अजून बिनधास्त छापतात.

बरं, वाईटच होता असंही नाही म्हणता येणार. माझ्या मामेभावाने तसलाच घेतला आणि तो जाम खूष होता, कारण त्याने व्हिडिओ कधी टाकलाच नाही, एफएम आणि कॉलेजची लेक्चरं रेकॉर्ड करायला वापरला, रेकॉर्डिंग खरखरीत पण कामापुरतं. म्हणजे जो त्याला एमपी थ्री प्लेअर म्हणून वापरेल तो सुखी. बॅटरीत मात्र साधावालाच पुढे. स्क्रीनवाल्याची बॅटरी आत बंद, दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिली ती फुगली आणि मागचं झाकण उचकटून वर आलं, तर पेन्सिल सेलवाला रूममेटकडे परवापरवापर्यंत चालू होता.

मेमरीची फसवणूक दोन्हीकडे सारखी. कॉम्प्युटर ८ जीबी दाखवतो, आत चिप एकच जीबीची, ती मेमरी सांभाळणारा कंट्रोलर खोटं बोलतो. सुरुवातीची गाणी नीट वाजतात आणि पुढची कॉपी झालेली दिसतात पण वाजत नाहीत. घेतल्या घेतल्या एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून बघायचं, ते पूर्ण मेमरी भरून परत वाचून बघतं, वेळ खातं पण खरं काय ते सांगतं.

मावशीला शेवटी साधा एमपी थ्रीच घ्यायला लावला, मेमरी कार्ड घालायचा. आणि तरीही एमपी फोरने गाठलंच. तिच्या भजनी मंडळाने हरिपाठ फोनवर रेकॉर्ड केलेला, प्रत्येक अभंग वेगळा, आणि त्या सगळ्या फाईली डॉट एमफोरए. हा एमफोरए म्हणजे तोच चौथ्या बिल्डिंगचा डबा, फक्त आत व्हिडिओ नाही, नुसता आवाज, आणि तोही बहुतेक वेळा एएसी पद्धतीने पिळलेला. स्वस्त एमपी थ्री प्लेअरला तो बऱ्याचदा दिसतच नाही. माझ्या मावसबहिणीने शक्कल लढवून नावात एमफोरए खोडून एमपी थ्री लिहिलं, मग फाईल दिसायला लागली पण वाजेना, डब्यावरचं लेबल बदलून भेंडीची बटाटा भाजी होत नाही. व्हीएलसी नावाच्या कॉम्प्युटरवरच्या फुकट प्लेअरमध्ये कन्व्हर्टचा पर्याय असतो, त्यातून सगळ्या खऱ्या एमपी थ्री केल्या, दहा मिनिटांचं काम.

दोन दिवसांनी परत फोन. "अरे, वाजतंय छान, पण शेवटचा अभंग आधी आणि पहिला मध्येच कुठेतरी." हे स्वस्त प्लेअर बरेचदा नावाप्रमाणे नाही तर कार्डावर ज्या क्रमाने फाईली लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात, नावापुढे ०१, ०२ लिहिलं तरी ढिम्म. म्हणून सगळं पुसून एकेक फाईल क्रमाने परत टाकली. आता बरोबर लागतो. प्लेअरवर शफलचं पण एक बटण आहे, ते मी तिला दाखवलेलं नाही.