नळीतून देण्याचा आहार: डब्याचा भाव कुठे ठरतो आणि आपल्या हातात काय आहे

रत्नागिरी शहरातून आणि पावस, जयगड, लांजा, राजापूरकडून आमच्या दुकानात नळीच्या आहाराचे (गिळता येत नाही अशा पेशंटला नाकातल्या किंवा पोटातल्या नळीतून द्यायच्या पावडरीचे) डबे न्यायला जी मंडळी येतात, त्यांच्यासाठी हे पत्रक. काउंटरवर गर्दीत नीट बोलणे होत नाही. त्यातून बरेच जण पहिल्यांदा येतात ते हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळालेल्या दिवशीच: हातात फाइल, बाहेर गाडीत पेशंट, आणि तोंडात एकच प्रश्न, "हा डबा किती दिवस जाईल?"

सगळा आहार नळीतूनच असेल तर ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम सव्वा दिवस जातो. हे ऐकून माणूस गप्प होतो, म्हणून हिशेबच मांडतो. अंथरुणावरच्या मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २५ ते ३० कॅलरी लागतात. म्हणजे ५० किलोच्या पेशंटला १२५० ते १५००. चारशे ग्रॅम पावडरीत, डबा कोणता त्यानुसार, बहुधा १७०० ते १८०० कॅलरी असतात. महिन्याचा हिशेब २१ ते २६ डब्यांवर जातो. "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे" हा हिशेब तोंडाने जेवणाऱ्याला ताकद म्हणून देण्याचा आहे. ज्याचे सगळे जेवणच नळीतून आहे, त्याला तेवढ्यावर ठेवले तर तो उपाशी राहतो, आणि घरच्यांना वाटते की आम्ही तर रोज डबा देतोय.

हा डबा येतो कुठून

जगभरात या धंद्याची सूत्रे मोजक्या कंपन्यांच्या हातात आहेत: अमेरिकेची ॲबट, स्वित्झर्लंडची नेस्ले, फ्रान्सची डॅनोन, जर्मनीच्या फ्रेझेनियस काबी आणि बी. ब्राऊन. २००७ साली नेस्लेने नोव्हार्टिसचा वैद्यकीय पोषणाचा विभाग सुमारे अडीच अब्ज डॉलरला घेतला आणि त्याच वर्षी डॅनोनने १२.३ अब्ज युरो मोजून न्यूमिको ही डच कंपनी घेतली. वैद्यकीय आहार बनवणारी न्यूट्रिशिया तिच्याबरोबर आली. तेव्हापासून चित्र फारसे बदललेले नाही. या बाजाराच्या उलाढालीचे मोठमोठे आकडे छापून येतात, पण एका अहवालाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, कारण कुणी फक्त नळीचा आहार धरतो, तर कुणी तोंडाने प्यायचे डबेही त्यातच मोजतो. त्या आकड्यांच्या फार नादी लागू नये.

मागणी वाढते आहे हे मात्र खरे, आणि त्याची कारणे आपल्या आळीतही दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातली सुमारे १० टक्के माणसे ६५ वर्षांच्या वरची होती. २०५० पर्यंत ती १६ टक्के होतील. वय वाढले की पक्षाघात वाढतो आणि गिळण्याची ताकद जाते. आपल्याकडे त्यात तंबाखू आणि मिश्रीची भर. तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन किंवा शेक (रेडिएशन) झाल्यावर नळी लागलेले कितीतरी पेशंट आमच्या यादीत आहेत. शिवाय पूर्वी नळी म्हणजे हॉस्पिटल असे समीकरण होते. १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड इथे पोट न फाडता, दुर्बिणीच्या मदतीने पोटात नळी बसवण्याची पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. तीच आपण "पेग" म्हणतो. तिच्यामुळे पेशंट महिनोन्महिने घरी राहू शकतो, आणि त्याबरोबर खर्चही घरी आला.

डब्यात काय असते आणि ते का महागते

लेबल वाचलेत तर चार गोष्टी सापडतील. दुधातली प्रथिने, म्हणजे केसीन आणि व्हे, किंवा सोयाचे प्रथिन, मक्याच्या स्टार्चपासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन, तेले, आणि जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण. दुधाचा आपला देश जगात पहिला, पण सुटी केलेली दूध-प्रथिने विकण्यात न्यूझीलंड आणि युरोप पुढे. तिथल्या दूध पावडरीचे भाव २००८ पासून चालणाऱ्या एका जागतिक लिलावात ठरतात. जीवनसत्त्वांचा मोठा वाटा चीनमध्ये तयार होतो. तिथे भाव हलले की डब्यालाही झळ लागते.

तेलाची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पचनाचा त्रास असलेल्यांच्या फॉर्म्युल्यात "एमसीटी" नावाची, लवकर पचणारी चरबी घालतात. ती खोबरेल आणि पामच्या बियांच्या तेलातून वेगळी काढलेली असते. त्यावरून दरवेळी कुणीतरी विचारतेच: "मग घरचे घाण्याचे खोबरेल एक चमचा टाकले तर?" टाकू नका. घरच्या खोबरेलात या जातीची चरबी थोडीच असते, बाकी सगळी वेगळी. आणि खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठते. पौष-माघातल्या पहाटे बाटलीत पांढरे झालेले तेल सगळ्यांनी पाहिले आहे. तसेच ते नळीत होते.

बाहेरच्या देशांत हा आहार बहुतेक तयार द्रवरूपात मिळतो. पिशवी टांगायची, पंपाला जोडायची, झाले. आपल्याकडे पावडरच जास्त चालते आणि त्यामागे साधा व्यवहार आहे: एका मिलिलीटरला एक कॅलरी देणाऱ्या द्रवात सुमारे ८५ टक्के पाणीच असते. ते पाणी जहाजातून न्हावा शेवाला आणून पुढे घाटातून उतरवायचे तर भाडे कोण देणार? पण आयात मालाला जहाजाची वाट चुकत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. आठवडा-दोन आठवडे वाढले, भाडेही वाढले. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधला एक कारखाना जंतुसंसर्गाच्या शंकेवरून थांबला, तर तिथे बाळांचे दूध आणि काही खास फॉर्म्युले दुकानांतून गायब झाले. मोजकेच कारखाने असले की हे असे होते.

आता कायद्याचे. भारतात हा डबा औषधात धरत नाहीत. तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार "विशेष वैद्यकीय उपयोगाचे अन्न" आहे. त्यामुळे काही औषधांना सरकार जशी कमाल किंमत ठरवून देते, तशी याला नाही. एमआरपी कंपनी ठरवते. अमेरिकेत ज्येष्ठांचा सरकारी विमा याचा मोठा खर्च चक्क "कृत्रिम अवयव" या सदराखाली उचलतो, ब्रिटनमध्ये तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो, जपानमध्ये काही फॉर्म्युले औषध म्हणूनच नोंदलेले आहेत. आपल्याकडे घरी लागणारा डबा बहुतेक मेडिक्लेममध्ये बसत नाही. तरी पॉलिसीचा कागद एकदा वाचून घ्या. एक बरी गोष्ट झाली: २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पोषण-पावडरींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

हजार कॅलरीला किती पडले ते बघा

दुकानात येऊन "यातला स्वस्त कुठला" हे विचारण्यात काही गैर नाही, पण स्वस्त कशात मोजायचे? दोन डबे समजा, दोन्ही ४०० ग्रॅमचे. एक ७२० रुपयांना, त्याच्या लेबलवर १०० ग्रॅमला ४५० कॅलरी. दुसरा ६०० रुपयांना, १०० ग्रॅमला ३७५ कॅलरी. पहिल्यात एकूण १८०० कॅलरी, दुसऱ्यात १५००. भागाकार करून बघा, दोन्ही हजार कॅलरीला ४०० रुपयेच पडतात. एकशे वीस रुपये वाचले म्हणून आनंदाने नेलेला डबा तेवढाच लवकर संपतो. रोज १५०० कॅलरी धरल्या तर महिन्याचे १८,००० रुपये दोन्हीकडे सारखेच. आम्ही काउंटरवर कॅल्क्युलेटर ठेवला आहे तो यासाठीच; लेबल पुढे करा, दोन मिनिटांत करून देतो.

आणखी एक बघायचे: तो डबा पूर्ण आहार आहे की नुसती प्रोटीन पावडर. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. नुसत्या प्रोटीनवर माणूस ठेवता येत नाही. "एकमेव आहार म्हणून चालेल" असे लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीत आहे का, ते आम्हाला विचारा.

डायबेटिसचा, किडनीचा, पेप्टाइडचा (प्रथिने आधीच तोडून पचायला सोपी केलेला) हे प्रकार महाग असतात आणि ज्याला लागतात त्याला ते लागतातच. किडनीच्या डब्यात पोटॅशियम-फॉस्फरस कमी असते. तिथे साधा डबा देऊन पैसे वाचवायला जाऊ नका. उलट काही वेळा हॉस्पिटलात चार दिवस पेप्टाइडचा दिलेला असतो आणि तोच घरी वर्षभर चालू राहतो, कारण बदलायचे कुणी सांगितले नाही. डिस्चार्ज कार्डवर ब्रँडचे नाव असते, त्यामागचे कारण नसते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचारा: हाच का, किती दिवस, आणि याच्या बरोबरीचा दुसरा कुठला चालेल? आमच्या मते महिन्याचा खर्च कमी करणारा याहून मोठा प्रश्न नाही. आमचा गल्ला थोडा कमी भरेल, चालेल.

घरचे फीड

पेज, नाचणीचे सत्त्व, मुगाच्या डाळीचे पाणी, कुळथाची पातळ पिठी, ताक, पातळ केलेला मऊ भात हे सगळे कोकणात नळीतून दिले जाते आणि पुढेही दिले जाईल. गंमत म्हणजे अमेरिकेत आता खऱ्या अन्नाचे मिश्रण पाकिटात भरून "नैसर्गिक" म्हणून चढ्या भावाने विकले जाते. पण नुसत्या पेजेवर माणूस झिजतो. वाटीभर पातळ पेजेत पाणीच फार. नळीतून जाईल इतके पातळ करायचे तर कॅलरी उतरतात, दाट ठेवायचे तर नळी तुंबते. आहारतज्ज्ञांनी संमती दिली तर निम्मे घरचे, निम्मे डब्याचे असे बऱ्याच घरांत चालते आणि वरच्या हिशेबात महिन्याचे साधारण ९,००० वाचतात, घरच्या सामानाचे जातील ते वेगळे. पेग असेल, नळी जाड असेल तर हे सोपे. नाकातली नळी बारीक असेल तर घरचे फीड देण्याआधी विचारा.

मिक्सरमधून काढलेले फीड चाळणीतून नाही, स्वच्छ पातळ फडक्यातून गाळा. खोबऱ्याचा चोथा आणि माशाच्या सुपातले बारीक काटे चाळणीतून निसटतात. आणि कोकमाचे आगळ किंवा लिंबूपाणी द्यायचे असेल तर दुधाच्या फीडला लागून कधीच नाही. आंबट लागले की दूध नळीतच फाटते, त्याचा गोळा होतो आणि नळी बदलायला दवाखाना गाठावा लागतो. तुंबली तर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करा. थंड पेये घालून मोकळी होते हे ऐकीव आहे, त्याने दही जमल्यासारखे होते.

देताना

डोके आणि छाती ३० ते ४५ अंश उंच, उश्या नीट लावून. फीड झाल्यावरही निदान अर्धा तास तसेच. झोपवून दिले तर फीड वर येऊन फुफ्फुसात जाते, आणि हॉस्पिटलात परत जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. नाकातल्या नळीची बाहेरची खूण रोज बघा. ती सरकलेली दिसली, किंवा खोकला-धाप लागली, तर काही देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

सिरिंजचा दट्ट्या काढून नळकांडे नळीला लावा, हातभर उंच धरा आणि फीड आपोआप उतरू द्या. ढकलू नका. आधी आणि नंतर २०-३० मिली कोमट पाणी. पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात, त्याच डब्यातल्या चमच्याने मोजून; एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्याला चालत नाही. कालवलेले फीड बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका. फ्रिजमधले २४ तासांत संपवा, आणि पावसाळ्यात लाइट रात्रभर गेली असेल तर सकाळी ते टाकून द्या, जीव तुटला तरी. फोडलेला डबा साधारण तीन आठवडे चालतो. आपल्या हवेत पावडरीला गुठळ्या धरतात, म्हणून ओला चमचा आत घालू नका आणि डबा चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका.

फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू असेल, किंवा थायरॉइडची गोळी असेल, तर फीडबरोबर देऊ नका. औषध अंगी लागत नाही. मध्ये किती वेळ सोडायचा ते डॉक्टर सांगतील. ज्याने बरेच दिवस काही खाल्लेले नाही, त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा सुरू करणे धोक्याचे असते. ती हळूहळू वाढवायची असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आमच्याकडून नेताना

आमचा माल कोल्हापूरहून आंबा घाटाने येतो. दरड आली, घाट बंद झाला की दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात. जून ते सप्टेंबर घरात एक आठवड्याचे डबे जास्त ठेवा, त्याहून जास्त नको. गणपतीत गाड्या भरून येतात, पार्सलला जागा नसते, तेव्हा चतुर्थीच्या आठ दिवस आधी सांगितलेत तर तुमचे डबे नावानिशी बाजूला ठेवतो. बाहेरगावी एसटी पार्सलने पाठवतो. पार्सल उतरवून घ्यायला स्टँडवर कोणीतरी हवे.

बिल मागून घ्या. बॅच नंबर, एक्सपायरी, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि आतले सील बघून घ्या. मुंबईहून चाकरमान्यांबरोबर आलेल्या स्वस्त डब्यांचेही. सील न फोडलेला डबा बिलासह महिन्याच्या आत परत घेतो. पेशंट गेल्यावर उरलेले डबे आणताना लोकांना संकोच वाटतो. तो करू नका, कुणाबरोबर पाठवलेत तरी पैसे पोचते करू.

पहिल्यांदा येताना एवढे आणा: डिस्चार्ज कार्ड, पेशंटचे अंदाजे वजन, नळीचा प्रकार आणि तिच्यावर छापलेला नंबर. नंबर वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून आणा.