तेरा वर्षांची अट आली कुठून?

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत काढलेला व्हिडिओ टाकायचा म्हणून इथल्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, एक चौथीतली पोर माझ्यासमोर इन्स्टाग्रामवर खातं उघडत होती. जन्मसाल विचारलं तशी थबकली. भाऊ म्हणाला, "साल मागं ढकल की, नायतर घेत नाय ते." तिनं बोटानं आकडे सरकवले आणि 1998 वर थांबली. चार पावलांवर आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मोबाईल तिचाच.

ज्या अटीमुळे त्या पोरीला खोटं सांगावं लागलं, ती आपल्याकडे जन्मलेली नाही. अमेरिकेत 1998 मध्ये एक कायदा झाला आणि एप्रिल 2000 पासून लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वेबसाइटला गोळा करायची असेल, तर आधी पालकांची परवानगी घ्यायची. परवानगी मागत बसण्यापेक्षा "तेराखाली प्रवेश नाही" असं लिहून टाकणं कंपन्यांना सोपं गेलं. म्हणजे हा आकडा माहितीच्या व्यवहारासाठी ठरला. तेराव्या वर्षी मुलाला काय झेपतं, हा त्या कायद्याचा विषयच नव्हता. तरी जगभरातले आईबाप त्यालाच सुरक्षिततेची रेघ समजत आले.

त्या काळात आपल्या गावात इंटरनेट म्हणजे नेट कॅफे. तासाचे पैसे मोजून ऑर्कुट उघडणारी ती पिढी आता स्वतः पालक झाली आहे. 2011 मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले. आडोशाची फळी साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आडोसा नसलेल्या कॉम्प्युटरचा पडदा बाहेरच्या बाजूला दिसेल असा हवा, अल्पवयीन मुलाला पालकाशिवाय आडोशात बसू द्यायचं नाही. आज कुणाला याचं हसू येईल; मला येत नाही. मूल काय बघतंय ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत राहिलं पाहिजे, एवढं त्या नियमाला नीट कळलं होतं.

पुढच्या पाच वर्षांत ती फळीच गेली. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि इंटरनेट थेट सोलापुरी चादरीच्या आत शिरलं.

त्याची किंमत मुलांआधी मोठ्यांनी मोजली, आणि तीही आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी. 2018 च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरत होते. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या बाजारात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. त्यातली बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मुलांना "फॉरवर्ड करू नको" म्हणताना मला दरवेळी राईनपाडा आठवतो. तो मेसेज पुढे ढकलणारी माणसं शहाणीसुरती, लेकराबाळांची होती.

मोबाईल वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. याच जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, आणि 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये गेली. जूनअखेर सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले. शाळेचा मोबाईल वेगळा आणि रील्सचा वेगळा, असं करायला आपल्या कितीतरी घरांत दुसरा मोबाईलच नव्हता.

कायदे येत गेले, पण मागून. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींविरुद्धचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 67ब 2009 पासून, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 पासून. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा नंबर तर त्याच्याही आधीपासून आहे. तो किती मुलांना पाठ आहे, हे आपापल्या घरात विचारून बघावं. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळाखालच्यांची खातीच बंद केली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये वेगळी वाट काढली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव, मोठ्यांसकट, मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवतं. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या सोलापूरला ही वाट परकी वाटू नये.

आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो म्हणतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. उद्या संमतीचा तो प्रश्न विडी घरकुलातल्या त्या माउलीच्या मोबाईलवर येईल, तेव्हा मोबाईल लेकीच्या हातात असेल आणि आईची बोटं तंबाखूत.